उधना ते जळगाव व्हाया नानांची टोपी

आधी थोडं सांगून टाकतो म्हणजे पुढे गोंधळ नको. मी सुरतचा. जन्म लिंबायतचा, शाळा सुरत महापालिकेची पण मराठी माध्यमाची, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, किराणावाल्याशी गुजराती. नाना म्हणजे आमचे वडील, शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून १९८४ला सुरतेला गेले आणि लूमवर लागले, बारा तासाची पाळी, पगार मीटरवर. लिंबायत, उधना, पांडेसरा इकडे फिरलात तर वाटेल धुळे जिल्ह्याचाच एखादा तालुका उचलून तिकडे ठेवलाय. मी आठ वर्षांपासून स्टँडअप करतो, त्यातली पाच वर्षं रिंगरोडच्या साडी मार्केटमधे हिशोब लिहीत लिहीत केलं आणि आता फक्त हेच. सुरतेत मी 'पेलो मराठी छोकरो', पुण्यात शो केला की 'तो गुजरातचा पोरगा'. खानदेशात मात्र एकदाही शो केला नव्हता. का नव्हता ते मलाही नीट माहीत नाही, कोणी बोलावलं नाही हे एक कारण आणि मी कोणाला विचारलं नाही हे दुसरं. या जानेवारीत शेवटी पाच दिवसात चार शो केले.

सोबत माझा मित्र. तो पक्का सुरती गुजराती, माझा मॅनेजर, तिकीटवाला, व्हिडिओवाला आणि शो पडला तर शिव्या देणारा, सगळं एकच माणूस.

दिवस पहिला : उधना, नवापूर, नंदुरबार

उधन्यातून सकाळची भुसावळकडची पॅसेंजर पकडली. या गाडीचं असं आहे की गाडी गुजरातेत उभी असली तरी डबा खानदेशात असतो. पिशव्या, गोण्या, 'सरक ना भो थोडा', आणि बसल्या बसल्या 'कोनता गावना शे भो तू?' हा प्रश्न. कानबाई या आमच्या देवीच्या सणाला, म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी, या लाइनवर पाय ठेवायला जागा नसते, कारण कानबाईचे रोट भाऊबंदांनी एकत्र खायचे असतात आणि त्यासाठी जो तो गावाकडे निघतो. लहानपणी मी सुरत ते शिंदखेडा संडासाच्या दाराला टेकून गेलोय, तेव्हा ते काही मटेरियल वाटलं नव्हतं.

नवापूर आलं की मित्राला खाली उतरवून फोटो काढायला लावला. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. १९६०ला राज्यं वेगळी झाली आणि रेघ फलाटावरूनच गेली, साधारण ८०० मीटर फलाट, त्यातले ३०० आपले नि ५०० त्यांचे. तिकीट महाराष्ट्रात काढायचं, स्टेशनमास्तर गुजरातेत बसतो. एक बाकडं आहे त्याच्या मधोमध रेघ मारलेली आहे. आणि अनाउन्समेंट चार भाषांत, हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. मित्र गुजरातेत बसला, मी महाराष्ट्रात, आणि मधे आमचा एकच चहा. त्याने विचारलं दारूबंदी बाकड्याच्या कुठल्या इंचापासून सुरू होते. हा प्रश्न मी आठ वर्षांत कधी लिहिला नाही याचं वाईट वाटलं.

गाडीत त्याला शुगर सॅमीबद्दल सांगत होतो. तुम्हाला माहीत नसेल तर, मॉन्ट्रियलचा कॉमेडियन, जन्म १९७६चा, आईवडील भारतातून गेलेले पंजाबी. तिकडे क्वेबेकमधे १९७७ला कायदा आला, बिल १०१, त्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या पोरांना फ्रेंच शाळेतच जावं लागायचं. म्हणजे घरात पंजाबी-हिंदी, शाळेत फ्रेंच, बाहेर इंग्रजी. या भाऊने २०१२ला अख्खा शो अर्धा इंग्रजी अर्धा फ्रेंच केला, जिथे दोन्ही बाजूची लोकं एकमेकांकडे पाठ करून बसतात त्याच गावात. नंतर पॅरिसला गेला आणि तिथल्या टीव्हीवर टॅलेंट शोचा जज झाला. मला त्याचं एवढंच शिकायचं होतं की सेटअप एका भाषेत टाकून पंच दुसऱ्या भाषेत मारला तर हॉल फुटत कसा नाही. मित्र म्हणाला, "त्याच्यासाठी कायदा केला सरकारने, तुझ्यासाठी तर कोणी काहीच नाही केलं." खरंय. आमच्या नानांनी फक्त घराजवळची शाळा बघितली.

नंदुरबार. मिरचीचा सीझन चालू, गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पसरलेली, लांबून गालिचा दिसतो आणि जवळ गेलं की शिंका. मित्राला सलग अकरा आल्या, मी मोजल्या.

दुपारी शिरीषकुमारच्या स्मारकाला जाऊन आलो. ९ सप्टेंबर १९४२ला मिरवणुकीत गोळ्या झेलून गेलेला शाळकरी पोरगा, हे आपल्याला पुस्तकात असतं. पण तो गुजराती घरातला होता आणि त्या दिवशीची घोषणा गुजरातीत होती हे मित्राला माहीत नव्हतं. तो बराच वेळ तिथे गप्प उभा राहिला. तो गप्प राहतो हीच बातमी.

शो एका क्लासेसच्या हॉलमधे, सत्तर खुर्च्या, साठ भरल्या. आणि मस्त झाला! नंदुरबारला काहीच समजावून सांगावं लागत नाही, गुजराती कळते, मराठी कळते, अहिराणी तर आहेच. माझा एक बिट आहे की अहिराणी म्हणजे गुजराती आणि मराठीचं पळून जाऊन केलेलं लग्न. गुजरातीत 'छे', आमचं 'शे'. त्यांचं 'दीधुं, लीधुं', आमचं 'दिधं, लिधं'. 'घरमां' आणि 'घरमा'. आणि आत्याला दोघंही फुईच म्हणतात, म्हणजे लग्नाला विरोध करायला दोन्हीकडून एकच बाई. पुण्यात हा बिट सांगताना मधे मधे अर्थ सांगावा लागतो आणि अर्थ सांगितला की विनोद मेला. इथे पहिल्या 'शे'लाच हसले.

शेवटी माझा हुकमी बिट, नानांची टोपी. तो असा. नानांना फ्रॉडवाल्याचा फोन येतो, हिंदीत. सर आपका खाता बंद हो जाएगा, ओटीपी बताइए. नाना म्हणतात, टोपी? तो म्हणतो, टोपी नहीं ओटीपी. नाना म्हणतात, "टोपी खुटीले टांगेल शे." तो ओरडतो, नाना परत तेच. मी नानांचा आवाज काढतो, डोळे मोठे करतो, तोंड उघडं ठेवतो. सुरतेत यावर टाळ्या पडतात. नंदुरबारलाही पडल्या.

रात्री शेवभाजी. मित्राने "मिडियम तिखट" सांगितलं. वेटरने त्याच्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. पुढचं लिहीत नाही.

दिवस दुसरा : फुईचं गाव

लालपरीने दोंडाईचा, तिथून शिंदखेडा, आणि पुढे गावापर्यंत चुलतभाऊ, म्हणजे आमचे जिभाऊ, मोटरसायकलवर. तीन माणसं, एक ट्रायपॉड.

इथे शो असा ठरलेलाच नव्हता. पण जिभाऊने तीन दिवस आधीच ग्रुपवर टाकून दिलं होतं की 'सुरतना कॉमेडियन ई ऱ्हायना', त्यामुळे आता पळता येत नव्हतं. भजनी मंडळाचा माइक, अहुजाचा स्पीकर, मारुतीच्या पारासमोर सतरंजी. जेवणं उरकून लोकं यायला साडेनऊ झाले, थंडी एवढी की पहिली रांग पूर्ण गोधडीत, फक्त डोळे दिसत होते. गोधडीतल्या माणसाला हसवून बघा एकदा.

पडलो. पण साधं पडणं नाही हो, ओपन माइकला पडतात तसं नाही, तिथे निदान दोन कॉमेडियन दयेने हसतात. 'छे' आणि 'शे'वर शांतता, कारण ते तर असतंच ना तसं, त्यात काय सांगायचं. मग मी घाबरून लगेच टोपी काढली, हुकमी. फोन आला, ओटीपी, टोपी, डोळे मोठे, तोंड उघडं, "टोपी खुटीले टांगेल शे!" आणि थांबलो टाळीसाठी.

एक आजोबा गोधडीतून म्हणाले, "मंग आखो कथा टांगतस?" म्हणजे, मग अजून कुठे टांगतात?

अख्खा पार हसला. रात्रीचं सगळ्यात मोठं हसणं ते. आजोबांना कळलंही नाही की लोकं का हसतायत, त्यांनी शंका विचारली होती. मी अजून दहा मिनिटं कसंबसं खेचलं नि माइक खाली ठेवला.

घरी आलो तर फुईने चुलीवर कळण्याची भाकर टाकायला घेतली होती, ज्वारी नि उडदाची, सोबत ठेचा. मित्राने ठेच्याला दुरूनच नमस्कार केला. मी म्हटलं फुई, शो काही जमला नाही. फुई भाकर थापता थापता म्हणाली,

"आरे पन तुन्हा गोष्टमा अहिरानी बोलनारा बठा येडाच कसा ऱ्हातस रे?"

मी म्हटलं असं काही नाही फुई. आणि मग मनातल्या मनात सगळा एक तासाचा सेट पळवला. नाना मॉलमधे, नाना लिफ्टमधे, माय डॉक्टरकडे, शेजारचे काका विमानात. जो हुशार तो हिंदी किंवा गुजराती बोलतोय, जो येडा तो अहिराणी. एकही अपवाद नाही, एक तासात एकही नाही! आणि सुरतेतल्या टाळ्या कशावर पडतात? टोपीवर नाही. 'टांगेल शे' या आवाजावर पडतात. नेहमीच्या हिंदीत मधेच तो शब्द आला की लोकांना गंमत वाटते, इथे सगळेच तसं बोलतात तर गंमत कुठून येणार, उरतो फक्त तोंड उघडं ठेवलेला एक म्हातारा, आणि तो म्हातारा त्यांच्या ओळखीचा.

पण खरा दणका पुढेच होता. फुई म्हणाली, आणि टोपीचं तू चुकीचं सांगतोस. तो फोन आला त्याच रात्री नानांनी तिला फोन करून सगळं सांगितलं होतं. नानांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं हा चोर आहे. मुद्दाम टोपी टोपी करत त्यांनी त्याला पाऊण तास लटकवला, त्याचं गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं, मधे म्हणे थांब चष्मा आणतो आणि जेवून आले. "हासी हासी मन्हं पोट दुखी गयं," फुई म्हणाली. मग भाकर उलटवली. "तुन्हा बाप येडा शे का? सात जनसले सुरत लई गया तो."

मला ही गोष्ट नानांनी सांगितली होती का? सांगितली असणार. मी टोपीपर्यंत ऐकली असेल आणि तिथेच पंच सापडला म्हणून पुढचं सोडून दिलं असेल. आम्ही लोकं असंच ऐकतो, घरचं माणूस बोलत असताना डोक्यात कात्री चालू असते.

दिवस तिसरा : धुळे

नरडाण्याहून हायवेने धुळे. शो संध्याकाळी एका कॉलेजात, तोपर्यंत वेळ होता म्हणून राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांच्या नावाने हे मंडळ काढलं. बाहेर बाकावर बसून मित्राला अजून एक माहिती दिली, की ग्रियर्सनने इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांचा जो मोठा सर्वे केला त्यात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, मराठीच्या खंडात नाहीच, ती भिल्ली भाषांसोबत वेगळ्या भागात टाकलीय, १९०७ला. आणि २०११च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजलेली आहे. मित्र म्हणाला, "म्हणजे सरकार सिरियसली घेतंय, फक्त तूच घेत नाही." फुईचं वाक्य त्याला मीच भाषांतर करून सांगितलं होतं, त्याची ही शिक्षा.

कॉलेजचा शो. माइकची वायर ढिली, दर तिसऱ्या शब्दाला आवाज गायब, त्यामुळे पंच माझा नि वायरचा पार्टनरशिपमधे. तिथे टोपीचं खरं व्हर्जन पहिल्यांदा करून बघितलं. लांबलं. पाऊण तासाचा फोन मी जवळपास पाऊण तासच सांगितला असावा, शेवटी पंच काय तेच ठरलेलं नव्हतं. पोरं मोबाइल बघायला लागली तसा मी घाबरून परत डोळे मोठे केले, तोंड उघडं, "टांगेल शे", आणि हॉल कोसळला. दोनशे पोरं, त्यातली निम्मी तरी घरी हेच बोलत असणार.

मित्र म्हणाला हसतायत ना, मग प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम काय ते मला सांगता आलं नाही. जी पोरं सगळ्यात जोरात हसली ती आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलत असतील, कारण मीही कॉलेजात तेच करायचो.

मानधनाचा चेक "सोमवारपर्यंत" येणार आहे. कुठला सोमवार ते विचारायचं राहिलं.

दिवस चौथा : अमळनेर, मग जळगाव

अमळनेरला शो नव्हता, नुसतं उतरलो. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमधे शिकवायचे. २०२४ला ९७वं साहित्य संमेलनही इथेच झालं. पण मित्राला इंटरेस्ट विप्रोत. १९४५ला तेलाची गिरणी म्हणून सुरू झालेली कंपनी, तीच पुढे कॉम्प्युटरवाली झाली. तो रस्त्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे संशयाने बघत होता, याच्याकडे जुने शेअर असतील का. आमचे नाना १९८४ला सुरतेच्या गाडीत बसायच्या ऐवजी उलट्या दिशेच्या गाडीत बसले असते तर, असं मीही थोडं बोललो, पण नानांनी शेअर घेतले नसते, म्हशी घेतल्या असत्या.

संध्याकाळी जळगावला. आसोद्याकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती, बोलावणारे मित्राच्या साडीवाल्या ओळखीतले. मोठी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या जाळात काळी पडेस्तोवर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची, मग तेल, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६मधे जीआय टॅग मिळालाय हे तिथे तीन वेगवेगळ्या माणसांनी मला सांगितलं, प्रत्येकाने जणू काल त्यानेच फॉर्म भरून आणला. मित्र चार पुऱ्या संपवून म्हणाला, आता हा माझाही जिल्हा.

जेवताना भाषेवर विषय निघाला. तिथले बरेच लोक लेवा समाजाचे, त्यांची लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. माझं बोलणं ऐकून एक काका म्हणाले तुम्ही धुळ्याकडचे वाटतं. म्हणजे सुरतेत मी खानदेशी, पुण्यात गुजराती आणि खानदेशात आल्यावर धुळ्याकडचा! अजून आत गेलो असतो तर त्यांनी गल्ली पण सांगितली असती.

आसोदा बहिणाबाईंचं माहेर. बाई शाळेत गेल्या नाहीत, १९५१ला वारल्या, गाणी १९५२ला छापली गेली, आज तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ती गाणी याच बोलीच्या वळणाची, आणि शाळेत आमच्या बाई ती म्हणायच्या तेव्हा वर्गात कोणी खिदळलं नाही कधी. त्याच वर्गात मी 'मन्हा पेन' म्हणालो की खिदळायचे. मला वाटतं फरक असा आहे की बहिणाबाईंच्या गाण्यात ती बोली बोलणारी बाई सगळ्यांपेक्षा शहाणी आहे. हे मला वांग्याच्या धुरात सुचलं, त्यामुळे डोळ्यात पाणी होतं ते धुराचंच.

दिवस पाचवा : जळगाव, शो

सकाळपासून हॉटेलच्या खोलीत टोपी कापत बसलो. नियम दोन केले. एक, डोळे मोठे करायचे नाहीत. दोन, नानांचा आवाज काढायचा नाही, ते जसं बोलतात तसं बोलायचं, सावकाश आणि खाली बघून. मित्राला नऊ वेळा ऐकवलं. त्याला अहिराणी साठ टक्के कळते, म्हणून तोच बरोबर माप.

रात्री दीडशेच्या आसपास लोक. सुरुवातीची वीस मिनिटं बरी गेली, नवापूरच्या बाकड्यावरचा दारूबंदीचा इंच तिथल्या तिथे टाकला, चालला. मग फोन. फ्रॉडवाला पूर्ण हिंदीत, फास्ट, इंग्रजी शब्द पेरत. नाना पूर्ण अहिराणीत, सावकाश. ओटीपी बताइए. टोपी? टोपी खुटीले टांगेल शे. इथे थोडे हसले, मी थांबलो नाही, पुढे गेलो. कोनता गावना शे भो तू? लगीन जयं का? हुंडा नको लेजो बरं. थांब चस्मा लई येस. इथे मी स्टेजवर खरंच खाली बसलो आणि जेवायची अॅक्टिंग केली, एकही शब्द नाही, आणि तो फ्रॉडवाला हॅलो हॅलो करतोय. हसणं उशिरा आलं, मागच्या रांगेतून पुढे सरकत आलं, असं हसणं मी आधी ऐकलेलं नाही. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणतो, चाचा, पैंतालीस मिनट हो गए! आणि नाना म्हणतात,

"व्हऊ दे ना भो. मन्हं त इनकमिंग फुकट शे."

टाळ्या धुळ्याएवढ्या नव्हत्या, खोटं कशाला सांगू. नंतरचा लिफ्टचा बिट तर सरळ पडला, कारण तो जुनाच होता आणि त्यातले नाना अजून येडेच होते, लोकांना कळेना आत्ता तर हा माणूस एवढा हुशार होता. म्हणजे आता सगळा तास परत लिहायचा. शो संपल्यावर एक ताई आल्या, म्हटलं आता कौतुक, तर म्हणाल्या आमच्याकडे असं 'शे शे' करत नाहीत हं, जळगावला करायचं तर आमची बोली शिकून या. नंबर देऊन गेल्या, त्यांच्या सासूचा.

रात्रीच्या गाडीने परत. नवापूर झोपेतच गेलं.

सकाळी घरी पोचलो तर नाना ओट्यावर पेपर वाचत होते. नाना आठ वर्षांत माझ्या एकाही शोला आलेले नाहीत. त्यांनी वर न बघता विचारलं, "किती भेटनात?"

मी हिशोब सांगितला. एवढे आले, त्यातले कॉलेजचे अजून यायचेत, हॉलचं भाडं, पोस्टर, गाडीभाडं, मित्राचा वाटा जाऊन हातात साडेचार हजार. पाच दिवसांचे.

नानांनी पेपरचं पान उलटलं. "रातपाळीमा चहा तरी फुकट भेटस."

मी खिशातून मोबाइल काढला नि टाइप करायला लागलो.

"काय लिखी ऱ्हायना?"

म्हटलं काही नाही नाना, हिशोब.